नदीवरचा शर्ट

मोठीबाईंनी ट्रंक सरळ उलटी केली. एकेक कपडा उचलून बघण्याइतका धीर त्यांच्यापाशी एरवीही नसायचा. आज तर नव्हताच. शाली, उशांचे अभ्रे, मुलाचं लहानपणचं झबलं, लोकरीच्या टोप्या, डांबराच्या गोळ्या, सगळं दुकानाच्या फरशीवर सांडलं. निळ्या रेघांचा शर्ट त्यात नव्हता.

"बघ," त्या इस्त्रीवाल्याला म्हणाल्या. "डोळे भरून बघ. त्यांचा एक शर्ट ठेवला होता मी. एक! तोही या सुनेच्या डोळ्यांत खुपला. विचारायची रीत नाही, सांगायची रीत नाही. तोंडावर 'हो आई, बरं आई', आणि माझी पाठ फिरली की ट्रंकेला हात."

"मी आपलं दिसलं ते सांगितलं," इस्त्रीवाला म्हणाला. त्याच्या हातातली इस्त्री हवेतच थांबली होती. "डॉक्टर म्हणाले, रोज चाला. म्हणून नदीवर चालत होतो, तर समोर मास्तर."

"मास्तर कुठले? शर्ट म्हण."

"शर्टच. पण ज्या कॉलरवर जन्मभर इस्त्री फिरवली, ती कॉलर ओळखू येते हो. एक वेळ बायको ओळखू येणार नाही."

"म्हणूनच ती माहेरी बसलीय," मोठीबाई म्हणाल्या.

त्यांचा मुलगा कापायच्या टेबलाशी उभा राहून कापडावर खडूने रेघ ओढत होता. ती रेघ काही केल्या संपत नव्हती. वडील गेल्यापासून दुकान तोच चालवायचा, म्हणजे कात्री त्याच्या हातात होती. दुकान कोण चालवायचं ते गल्लीला ठाऊक होतं. पाटीवर अजून शिंपीमास्तरांचंच नाव होतं आणि दर दिवाबत्तीच्या आधी ती पाटी मोठीबाई स्वतः पुसायच्या. पावती फाडतानाही त्या म्हणायच्या, "मास्तरांच्या दुकानातून गेलेला कपडा आहे, लाज राखा त्याची."

"तुला ठाऊक होतं?" त्यांनी मुलाला विचारलं.

"आई, असेल तिचं काहीतरी कारण."

"कारण? मांजर दूध पितं त्यालाही कारण असतं. म्हणून काय त्याला वाटी भरून द्यायची?" त्यांनी चपला पायात सरकवल्या. "ऐकून ठेव. आज अंधार पडायच्या आत तो शर्ट या घरात येईल, नाहीतर तुझी बायको या घरातून जाईल. तुला सोबत जायचं असेल तर जा. टेबल न्यायचं नाही."

मुलाने खडू खाली ठेवला, मग परत उचलला.

सून दोन महिन्यांपासून दुपारची नदीवर जायची. काजं-बटणं उरकून, सांडलेले दोरे झाडून, मगच निघायची, त्यामुळे तिला अडवायला निमित्त सापडत नव्हतं. नगरपालिकेने कुठूनशी एक कलाकार बाई आणली होती. तिने जुन्या धक्क्यावर दोर बांधले होते आणि लोक त्यात घरची जुनी कापडं विणत होते. "ज्यांच्या घरी फडकी जास्त झालीत त्यांच्यासाठी बरं आहे," एवढंच मोठीबाई तेव्हा म्हणाल्या होत्या. स्वतः त्या तिकडे फिरकल्या नव्हत्या. नदीवर जाऊन हवा खाण्याइतकी फुरसत रिकाम्या माणसांना असते.

त्यांनी उसवायची छोटी कात्री पिशवीत टाकली आणि दुकानातलं बुटकं स्टूल उचललं. इस्त्रीवाल्याने इस्त्री उभी करून ठेवली आणि ते त्यांच्या हातातून घेतलं.

"तुला कोणी यायला सांगितलं?"

"डॉक्टरांनी," तो म्हणाला. "चाला म्हणालेत."

*

धक्क्यावर पूर्वी मालाच्या होड्या लागायच्या. होड्या गेल्या, पण त्या बांधायचे जाडजूड लाकडी खांब पाण्याच्या कडेने अजून उभे होते. त्या खांबांना आडवे दोर ताणलेले होते, एकाखाली एक, माणसाच्या गुडघ्यापासून डोक्यावर हात पोचेल तिथवर. त्या दोरांतून कापडं खालवर ओवत नेलेली. पडदे, चादरी, विजारी, दुपटी, कोणाचा तरी गणवेश, कोणाचा टॉवेल. खांबामागून खांब असं ते लांबच लांब पसरलं होतं, आणि पलीकडे खरी नदी गढूळ, संथ, आपल्या कामाला लागलेली.

खाली लाकडी फळ्या बसवल्या होत्या. एका फळीवर पाय दाबला की कुठेतरी कप्पी करकरायची आणि वरचे दोर उचलले जायचे. पाय काढला की खाली यायचे. चार माणसं चार फळ्यांवर आलटूनपालटून उभी राहिली की अख्खं कापड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लाट गेल्यासारखं हलायचं. लोक त्यावर उड्या मारत होते, हसत होते, फोन उंच धरून स्वतःचेच फोटो काढत होते.

एका खांबाला पाटी होती. मोठीबाई शाळेत तीन पावसाळे गेल्या होत्या, चौथ्याला घरी धाकटं भावंड आलं. त्यांनी ओठ हलवत, बोटाने हवेत अक्षरं चाचपत पाटी वाचली. 'घरातलं एक कापड आणा. नदीत विणा. पाय द्या. नदी हलेल.'

"नदी हलेल म्हणे," त्या म्हणाल्या. "इतके दिवस काय ती यांच्यासाठी थांबली होती?"

इस्त्रीवाल्याने हात करून दाखवलं.

शर्ट मधल्या खांबाजवळ होता. आधी कॉलर दिसली, मग निळ्या रेघा. नेमक्या त्याच्या खालच्या फळ्यांवर एक तरुण जोडपं हात धरून उड्या मारत होतं. फळी दबली की कॉलर वर उडायची, बाही हेलकावायची, पाठीच्या रेघा वाकड्या व्हायच्या. मास्तर जन्मात कधी नाचले नव्हते. स्वतःच्या लग्नात ते खुर्चीवर बसून वाजंत्र्याच्या कोटाचा खांदा कसा चुकलाय ते बघत होते. आणि आता कोणाची कोण पोरं पायाच्या तालावर भर उन्हात त्यांना नाचवत होती.

"उतरा!" मोठीबाई ओरडल्या.

जोडपं थांबलं. कप्पी एकदा करकरली आणि शर्ट खाली आला.

"काय झालं, काकू?"

"काकू नंतर म्हण. आधी उतर. घरी बाप आहे ना? त्याच्या सदऱ्यावर नाच जा."

मुलगी मुलाचा हात ओढत त्याला बाजूला घेऊन गेली. आवाज ऐकून कलाकार बाई आली. केस अगदी बारीक कापलेले, गळ्यात हारासारखे दोऱ्याचे गुंडे, पायात काही नाही. ती छान हसली. मोठीबाईंना ते अजिबात आवडलं नाही.

"या, आजी. कापड आणलंत?"

"आजी कोणाची ग तू? आणायला नाही, न्यायला आलेय." त्यांनी शर्टाकडे बोट दाखवलं. "तो माझ्या नवऱ्याचा शर्ट आहे. माझ्या ट्रंकेतून चोरीला गेला. चोर माझ्याच घरात जेवते. ती तुझ्या इथे काम करते."

कलाकार बाईचं हसू मावळलं. "त्या दोर आणायला गेल्यात. त्यांनी तर सांगितलं की..." ती थांबली. "म्हणजे, घरातलं आहे एवढंच म्हणाल्या. पण कसं आहे, एकदा विणलं की ते कापड कोणा एकाचं राहत नाही. सगळ्यांचं होतं. कल्पनाच ती आहे."

"सगळ्यांचं?" मोठीबाईंनी कमरेवर हात ठेवला. आजूबाजूला चार माणसं जमली होती, त्यांनाही ऐकू जाईल असा आवाज लावला. "नवरा माझ्या एकटीचा होता. मग शर्ट सगळ्यांचा कसा झाला?"

जमलेल्यांत कोणीतरी हसलं. कलाकार बाईचा चेहरा लालसर झाला.

"बरं," ती म्हणाली. "तुमचंच आहे तर काढा. फक्त हळू काढा, शेजारची कापडं सैल होतील."

"मला कापड शिकवू नकोस," मोठीबाई म्हणाल्या. "स्टूल ठेव रे इथे."

*

त्या शर्टासमोर बसल्या आणि कडेचं टोक शोधू लागल्या. शर्टाची एक लांब पट्टी केली होती. बाही, पाठ, पुढची दोन पानं, कॉलर, एकाला एक जोडून. पहिली गाठ हाताला लागली आणि त्यांची बोटं जरा अडखळली. त्यांना वाटलं होतं, कात्री चालवली असेल. कात्री कुठेच चालली नव्हती. प्रत्येक जोड पात्याच्या टोकाने टाका टाका करून उसवला होता, दोऱ्याची भोकंसुद्धा फाकलेली नव्हती. मग ते भाग नुसते कच्च्या टाक्यांनी एकमेकांना धरून ठेवलेले. एक संध्याकाळ बसलं तर यातून पुन्हा तोच शर्ट उभा राहिला असता.

हे त्यांनी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. राग ऐन रंगात असताना असलं काही बघायचं नसतं.

"तुम्ही काढताय ते एका अर्थी बरंच आहे," कलाकार बाई शेजारी उकिडवी बसत म्हणाली. ती गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. "याच्या खाली दुसऱ्या एका बाईंचं कापड आहे, ते पार झाकलं गेलंय. त्या रविवारी आल्या होत्या बघायला. फार शोधत होत्या. इकडून तिकडे, तिकडून इकडे, प्रत्येक खांबाशी थांबून. मी म्हटलं, असेल इथेच, कापडावर कापड चढतंय, नदीच आहे ही. पण त्यांचा चेहरा पडला. मलाही नक्की जागा आठवेना. आता सापडेल त्यांना."

मोठीबाईंची बोटं पुढे सरकत राहिली. त्या शर्टाच्या खालच्या घेराशी आल्या होत्या. आतल्या बाजूने, दुमडीच्या कोपऱ्यात, तांबड्या दोऱ्याची ती बारीक खूण होती. एका टाक्यातून फुटणारे तीन टाके, कावळ्याच्या पायासारखे. त्यांनी त्यावर अंगठा फिरवला.

ही मास्तरांची घरची खूण. फार पूर्वी एकदा इस्त्रीच्या ढिगात मास्तरांची विजार एका गिऱ्हाइकाच्या घरी गेली, आणि तो गृहस्थ ती घालून मास्तरांसमोरच कोटाचं माप द्यायला उभा राहिला. तेव्हापासून मास्तर घरच्या कपड्याला आतून कावळ्याचा पाय काढायचे. फक्त घरच्या. मास्तरांच्या सख्ख्या बहिणीने एकदा हौसेने मागितला होता, तर म्हणाले, "तू आता दुसऱ्या घरची. तिथला शिंपी बघ." नणंदबाई वर्षभर बोलल्या नव्हत्या. सून लग्न होऊन आली तेव्हा मोठीबाईंनीच तिला ती खूण दाखवली होती. ही दिसली की कपडा आपला, नाही दिसली की परक्याचा, डोळे झाकून वेगळे करायचे.

"आई!"

सून धावत येत होती. खांद्यावरचं दोराचं भेंडोळं तिने वाटेतच टाकलं.

"आई, थांबा. घरी चला. मी आणते तो. आज रात्रीच काढून आणते, मी स्वतः आणते."

"आता आठवण झाली?" मोठीबाईंनी मान वर केली नाही. "हात लावू नकोस."

"आई, हात जोडते. एवढा एक भाग राहू द्या. बाकीचा न्या. पाठ राहू द्या तिथे."

"पाठ राहू द्या? का, पाठ तुझ्या बापाची आहे?"

सुनेने खरोखरच त्यांचं मनगट धरलं. आजवर तिने त्यांच्यासमोर मोठ्याने चमचाही ठेवला नव्हता. मोठीबाईंनी आधी त्या हाताकडे पाहिलं, मग तिच्याकडे. सुनेचा हात सुटला. त्यांनी शर्टाची पाठ दोन्ही मुठींत धरली आणि दोरांतून सरळ ओढून काढली.

खाली फ्रॉक होता.

पिवळा, पांढऱ्या ठिपक्यांचा, सहा-सात वर्षांच्या मुलीचा. बाकी लोकांनी आणलेली कापडं फाडून, कापून विणली होती. हा तसाच अख्खा ठेवला होता. बाह्यांतून एक दोर नेला होता आणि घेरातून दुसरा, जणू दांडीवर वाळत घातलाय. कोणाला तो कापवला नव्हता.

कलाकार बाई म्हणाली, "हाच! हाच तो," आणि टाळी वाजवणार होती, पण सुनेचा चेहरा बघून तिचे हात तसेच राहिले.

मोठीबाईंना आधी शिलाईच दिसली. गळ्याची पट्टी बघितली की कोणाचा हात आहे ते त्यांना कळायचं. अक्षरं वाचायला त्यांना ओठ हलवावे लागत, टाके वाचायला नाही. त्यांनी फ्रॉकचा घेर उलटा केला. आत तांबड्या दोऱ्याचा कावळ्याचा पाय होता.

त्यांनी घेर सोडला नाही. तो आणखी वर उलटला. घेराला आडव्या फिकट रेघा होत्या, एकीवर एक, पाणी ओसरल्यावर भिंतीवर राहतात तशा. मूल वाढेल म्हणून आत जास्तीच्या कापडाचा भरपूर दाब सोडला होता, आणि ते वाढत गेलं तसतसा तो उसवून फ्रॉक लांब केला होता. जुनी दुमड उसवायची, नवी घालायची. दरवेळी खूणही नव्याने काढली होती. मोठीबाईंना मुलगा एकच. त्याच्या चड्डीला मास्तरांनी कधी दाब सोडला नव्हता. "पोरगा आहे, फाडणारच," म्हणायचे, "नवी शिवू."

नदीवरून वारा आला आणि दोर जरासे हलले.

मंगळवारी दुपारी दुकान बंद असायचं. मास्तर टेप खिशात घालून पुलापलीकडच्या इस्पितळात मापं घ्यायला जायचे. तिथल्या गणवेशांचं मोठं काम मिळणार होतं. ते काम मिळणार, मिळणार म्हणता म्हणता मुलगा शाळेतून बाहेर पडला, त्याचं लग्न झालं. इस्पितळाचं कापड काही दुकानात आलं नाही. मोठीबाईंनी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं.

"इस्त्रीवाल्या," त्यांनी हाक मारली.

इस्त्रीवाल्याने नदीकडे तोंड केलं होतं. पाण्यात बघण्यासारखं काहीच नव्हतं, तरी तो बघत होता.

"इकडे बघ. याला इस्त्री कोणी केली?"

"माझ्याकडे कपडा येतो, मी दाबतो, मोठीबाई. कोणाचा ते मी विचारत नाही."

"कॉलर ओळखतोस. फ्रॉक ओळखत नाहीस?"

त्याने खिशातून रुमाल काढला, घडी मोडली, पुन्हा घातली. ती घडी चांगली कडक होती.

"म्हणजे सगळ्यांना ठाऊक," मोठीबाई म्हणाल्या. "गल्लीतल्या कुत्र्याला ठाऊक असेल. एक मीच तेवढी पाटी पुसत बसले."

त्या सुनेकडे वळल्या. "तू बोल. आणि 'आई, आई' करू नकोस, सरळ बोल."

सून फळीवर बसली. "त्या स्वतः घेऊन आल्या होत्या," ती म्हणाली. "माझ्यापेक्षा मोठ्या असतील. म्हणाल्या, माझ्या वडिलांनी शिवलाय, ते शिंपी होते, मंगळवारचे यायचे. घरात आता कोणी नाही, आई पण गेली, कपाटात ठेवून काय करू, इथे चारचौघांत असू दे. मी विणायला हातात घेतला आणि खूण दिसली." "आणि त्या हसल्या ना, तर नाक अगदी..."

"नाकाचं राहू दे."

"मला वाटलं, तुम्ही कधीतरी इथे याल. रागाने का होईना, याल. आणि तुमची नजर... तुम्ही टाका बघितल्याशिवाय पुढे जात नाही."

"म्हणून झाकलास."

"हो."

"घरात चादरी नव्हत्या? पडदे नव्हते? तुझ्या माहेरच्या दोन चादरी तशाच पडल्यात. त्यांचाच शर्ट बरा सापडला?"

सून दोराच्या टोकाशी चाळा करू लागली.

"आधी चादरच घातली होती," ती म्हणाली. "बघवेना. कोणा परक्याने तोंडावर कापड टाकल्यासारखं वाटलं. मग वाटलं, झाकायचंच तर त्यांचं त्यांनी झाकावं. आणि शर्ट मी उसवूनच आणला, आई. कापला नाही. हे सगळं उतरवतील तेव्हा परत शिवून ट्रंकेत ठेवणार होते. तुम्हाला कळलंही नसतं."

"मला कळलंही नसतं," मोठीबाई म्हणाल्या. "वा! फार सोय केलीस माझी. त्यांनी केली, याने केली," इस्त्रीवाल्याकडे मान उडाली, "आता तू. मी काय काचेची बरणी आहे? सगळ्यांनी मिळून उंच फळीवर ठेवायची?"

बघायला जमलेली माणसं हळूहळू पांगली होती. दुसऱ्याच्या घरचं असलं काही ऐकायला गोड लागतं, पण फार जवळून नाही. मघाचं जोडपं तेवढं लांबच्या खांबापाशी उभं होतं.

मोठीबाईंनी शर्ट मांडीवर घेतला. राग अजून तेवढाच होता, फक्त तो कुठे ठेवायचा ते त्यांना कळेना. मेलेल्या माणसावर टाकून उपयोग नव्हता, तो तिथेही खुर्चीवर बसून कोणाचा तरी खांदा बघत असेल. फ्रॉककडे बघावं तर त्याला दोन बाह्या, एक गळा आणि पाठीला बांधायचा एक बंद, त्याने काय कोणाचं घोडं मारलं होतं?

"रविवारी ती शोधायला आली होती, तेव्हा तू कुठे होतीस?" त्यांनी विचारलं.

सुनेने मान खाली घातली. "इथेच."

"इथेच म्हणजे?"

"या खांबाशी. दोराचा गुंडा धरून."

"तिने तुला विचारलं?"

"हो. म्हणाल्या, पिवळा होता, ठिपक्यांचा, तुम्हीच लावलात ना?"

"मग तू काय म्हणालीस?"

"काही नाही."

मोठीबाईंनी मांडीवरच्या शर्टाची पट्टी नीट उलगडली. मग त्या उठल्या. स्टूल पायाने सरकवून फ्रॉकच्या शेजारी नेलं आणि शर्टाची पट्टी कॉलरच्या टोकाने उचलून दोरात घातली. फ्रॉकवरून नाही; त्याच्या बाजूने. वरून खाली, खालून वर. सुनेने केलं होतं त्यापेक्षा ओढ जरा घट्ट ठेवली. पाठीचा भाग फ्रॉकच्या बाहीशी आला तेव्हा त्या क्षणभर थांबल्या, मग बाही सरळ केली, तिची चुणी बोटाने मोडली आणि पुढे विणत गेल्या. कलाकार बाई मदतीला वाकली, तर त्यांनी कोपराने तिला बाजूला केलं. शेवटची गाठ मारून त्यांनी दोन्ही कापडांना एकेक हिसका देऊन पाहिला. दोन्ही बसली होती.

"तू," त्यांनी लांबच्या मुलाला हाक मारली. "दे पाय."

तो गोंधळून फळीवर चढला. कप्पी करकरली. शर्ट आणि फ्रॉक एकदमच वर गेले आणि एकदमच खाली आले.

सून उठून उभी राहिली होती. मोठीबाई तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. आवाज त्यांनी खाली आणला नाही. ऐकणारे ऐकू देत.

"शर्ट नेलास, ते मी सोडलं," त्या म्हणाल्या. "उसवून नेलास, कापला नाहीस, तेही बघितलं. माझ्यापासून लपवलंस, माझी कीव केलीस, ते कडू आहे, पण गिळीन. पुन्हा केलीस तर मात्र घर वेगळं करून देईन. पण ती बाई आपलं कापड शोधत या फळ्यांवर हेलपाटे घालत होती आणि तू गुंडा धरून ठोंब्यासारखी उभी राहिलीस, ते नाही मी गिळायची. जन्मभर मंगळवारपुरती होती ती. एकदा स्वतःच्या पायांनी चारचौघांत आली, तर माझ्याच घरच्या बाईने तिला परत झाकली. रविवारी ती येईल. तेव्हा तू याच खांबाशी उभी राहायचंस आणि आपल्या तोंडाने सांगायचंस की झाकणारी मी. चुकलं म्हणायचंस. मी तुझ्या शेजारी असेन, पण तुझी बाजू घ्यायला नाही. आणि शर्ट कोणाचा, ते तिला मी सांगेन."